जास्तीची ओळ

पाऊस यायचं काही कारण नव्हतं. थंडी लागली होती, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं, आणि वीटभट्टीच्या मैदानात कच्च्या विटांच्या ओळी पार ओढ्यापर्यंत वाळत पडल्या होत्या. संध्याकाळी वारा फिरला. मिस्त्रीनं नाक वर करून हुंगलं आणि तो ओरडला, "ताडपत्र्या काढा!" ताडपत्र्या होत्या मोजून चार आणि विटा होत्या मैदानभर. सकाळपर्यंत सगळं आटोपलं. आधी विटांचे कोपरे गेले, मग अंग गेलं, आणि शेवटी नुसता चिखल उरला. तिथं कुणी कधी साचा हातात धरला होता असं सांगूनही खरं वाटलं नसतं.

काकी त्या चिखलात उभी राहून बघत राहिली. ती मिस्त्रीची बायको. भट्टी रचणं, पेटवणं, जाळ सांभाळणं हे मिस्त्रीचं काम. माती मळून विटा पाडणं हे काकीचं आणि तिच्याबरोबरच्या दहाबारा कुटुंबांचं. भट्टीवर लहानथोर सगळे तिला काकीच म्हणत, सख्खा पुतण्या मात्र तिला एकही नव्हता. मजुरी मिळायची ती विटांवर. चिखलाची मजुरी कोण देतो?

"मातीचं मातीत गेलं," झोपडीच्या दारात बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. त्यांना दिसायचं कमी, पण वासावरून सगळं कळायचं. "तोंडं पाडून बसू नका. पुन्हा पाडा. कंटाळा माणसाला येतो, मातीला येत नाही."

पुन्हा पाडल्या. पहाटेच्या गारठ्यात पोटरीपर्यंत चिखलात उतरायचं आणि तो तुडवत राहायचं. पाय आधी दुखतात, मग बधिर होतात, मग आपले वाटतच नाहीत. मळलेल्या मातीचा गोळा उचलायचा, वाळू लावलेल्या साच्यात दणकन आपटायचा, वरची माती तळहातानं कापायची, साचा उलटा करून उचलायचा. एक वीट. सरकायचं. दुसरी वीट. दिवसभर कंबर वाकलेली, ती संध्याकाळी सरळ व्हायला मागायची नाही. काकीच्या टाचांच्या भेगांत माती जाऊन बसली होती, ती धुऊनही निघत नसे.

पुरेशा विटा वाळल्या तशी मिस्त्रीनं भट्टी रचली. विटांच्या थरांमध्ये जळण, वरून चिखलाचा लेप, त्यावर राखेचा जाड थर. पेटवल्यावर आतला जाळ बाहेर दिसत नाही. दिसतो तो नुसता धूर, आणि जवळ गेलं की चेहऱ्यावर येते ती ऊब.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेपाला तडे गेलेत का ते बघायला काकी राखेचं टोपलं घेऊन शिडीनं वर चढली, आणि टोपलं हातातून सुटता सुटता राहिलं. राखेत पाय होते. छोटे, काळे, ओळीनं मांडलेले. पाय हलले आणि काकीचा जीव भांड्यात पडला. चार पोरं एकमेकांना चिकटून झोपली होती. पाचवी मुलगी वाऱ्याच्या बाजूला गुडघे पोटाशी घेऊन जागी बसली होती. पंधराएक वर्षांची असेल. अंगात कुणा पुरुषाचा कोट, केस विळ्यानं कापल्यासारखे वेडेवाकडे.

"उतरा खाली!" काकी ओरडली. "ही भट्टी आहे, गादी नव्हे!"

आवाज ऐकून मिस्त्री धावत आला. "अगं, जीव नकोसा झालाय का तुम्हाला? भट्टीचा वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही. पलीकडच्या भट्टीवर एक गाडीवान थंडीचा वर जाऊन निजला. सकाळी चहाला हाक मारली तर उठलाच नाही."

"माहीत आहे," मुलगी म्हणाली. "म्हणून मी झोपत नाही."

"म्हणजे?"

"हे झोपतात. मी थोड्या थोड्या वेळानं शिट्टी वाजवते. प्रत्येकानं झोपेतच परत वाजवायची. ज्याची येणार नाही त्याला ओढून खाली न्यायचं." तिनं सगळ्यांत लहानाकडे बोट दाखवलं. सहासात वर्षांचा असेल. "बटणला शिट्टी येत नाही. तो नुसती फू करतो. ते चालतं."

"रात्रभर?" काकीनं विचारलं.

"उजाडेपर्यंत."

"आणि तू कधी झोपतेस?"

मुलीनं खांदे उडवले. "दुपारी. उन्हात. कुणी उठवलं नाही तर."

काकीनं आयुष्यात कष्ट पाहिले नव्हते असं नाही. तापानं फणफणलेल्या बायका तिनं चिखल तुडवताना पाहिल्या होत्या. पण चार जिवांची राखण फक्त ओठांतल्या वाऱ्यावर करणारी एवढीशी पोर ती पहिल्यांदाच बघत होती. टोपलं खाली ठेवून तिनं बटणच्या केसांतली राख झटकली.

चहा पिताना कळलं ते असं. ही पोरं नर्सबाईंकडची. नर्सबाई म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेली बाई. बाजारामागच्या दोन खोल्यांत ती घर सोडून आलेल्या पोरांना ठेवून घ्यायची. कुणाला मारहाण सहन झाली नाही म्हणून, कुणाला घरात नवीन आलेल्या माणसाची भीती म्हणून, कुणाचं घरच उरलं नाही म्हणून. तिथं अंथरूण मिळे, गरम जेवण मिळे, औषध मिळे, आणि पोरगं तयार असेल तर बाई स्वतः त्याच्या घरी जाऊन बोलणी करायची. खर्च सरकारातून यायचा. यंदा तो वरूनच बंद झाला. भाडं थकलं, घरमालकानं कुलूप घातलं. पोरं वाट फुटेल तिकडे गेली आणि ही पाच ऊब शोधत भट्टीवर चढली.

"तुझं नाव काय?" काकीनं मुलीला विचारलं.

"शिट्टीच म्हणतात."

"आणि घर?"

मुलीनं कप खाली ठेवला. काकीनं पुढं विचारलं नाही.

तेवढ्यात मालकाची मोटारसायकल फाटकातून आत आली. मालक माणूस वाईट नव्हता, पण पावसानं तो होरपळला होता, आणि होरपळलेला माणूस समोर येईल त्याला चटका देतो. सगळ्या मजुरांदेखत तो म्हणाला, "मिस्त्री, भट्टी चालवताय की धर्मशाळा? उद्या एखादं मेलं वर तर तुरुंगात कोण जाणार? तुम्ही की मी?"

मिस्त्री डोक्याचा फडका काढून पिळत उभा राहिला. वीस वर्षं तो असाच उभा राहत आला होता. पोरं निमूट उठली आणि फाटकाबाहेर गेली. बटण जाताना मागं बघत होता, चहाच्या पातेल्याकडे.

अंधार पडल्यावर ती परत वर चढली असणार, हे काकीला ठाऊक होतं. मिस्त्रीलाही ठाऊक होतं. पण झोपडीत सासूबाई आणि दोघं, कूस वळवायला जागा नव्हती, आणि बाहेर दव गोठत होतं. दोघंही एकमेकांशी त्याबद्दल बोलले नाहीत. पुढं कितीतरी दिवस काकीला त्या न बोलण्याची लाज वाटत राहिली.

दोनतीन दिवस असेच गेले. मग एका सकाळी काकी चूल पेटवत होती. उजाडलं होतं, पण धुकं होतं. वरून शिट्टी ऐकू आली. मग तीन शिट्ट्या उलट आल्या. मग काही नाही. पुन्हा शिट्टी, लांब, कर्कश. पुन्हा तीनच. आणि लगेच पुन्हा शिट्टी, जणू चौथ्याला हाक.

काकी धावली. शिडीपाशी पोचते तर शिट्टी बटणला पाठीवर घेऊन उतरत होती. घाईत ती तापलेल्या कडेवरून आली होती आणि तिच्या अनवाणी तळव्यांची कातडी पांढरी पडली होती. तिला त्याचं भानच नव्हतं. बटणचे ओठ लालबुंद होते आणि मान लोंबत होती.

"फू आली नाही," ती एवढंच म्हणत होती. "काकी, फू आली नाही."

मालकाचा ट्रॅक्टर उभा होता. त्याला विचारल्याशिवाय किल्लीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मिस्त्रीनं किल्ली फिरवली. विटा वाहायच्या ट्रॉलीत बटणला मांडीवर घेऊन काकी बसली, शेजारी शिट्टी त्याच्या तोंडाशी कान लावून. खड्ड्याखड्ड्यातून ट्रॅक्टर उधळत दवाखान्यात पोचला. कुणीतरी निरोप दिला असावा, नर्सबाई एका पायात चप्पल घालून धावत आल्या.

प्राणवायूची नळी लावली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बटण खोकला, आणि मोठ्यानं रडला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वाचला." ते शब्द कानावर पडताच शिट्टी भिंतीला टेकली, घसरत खाली आली आणि फरशीवर कोसळली. काकीनं किंकाळी फोडली. नर्सबाईंनी गुडघे टेकून तिची नाडी धरली, पापणी उघडून पाहिली, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "झोपली आहे."

दिवसभर ती हलली नाही. तळपायांना मलम लावलं, पट्ट्या बांधल्या, तरी जागी झाली नाही. येणारे-जाणारे तिला ओलांडून जात होते. कुणी विचारलं तर काकी ओठांवर बोट ठेवी.

बाकावर नर्सबाई आणि काकी शेजारी बसल्या. "दारोदार फिरले," नर्सबाई सांगत होत्या. "एक म्हणतो, पळालेली पोरं म्हणजे बिघडलेली पोरं. दुसरा म्हणतो, सोय केलीत तर आणखी पळतील. मी म्हटलं, बाबा रे, दवाखाना आहे म्हणून कुणी मुद्दाम पाय मोडून घेतं का?"

"मग काय म्हणाला?"

"दार लावून घेतलं."

काकी आपल्या हातांकडे बघत बसली. नखांत माती होती. "माझ्याकडे तर चिखलाशिवाय काही नाही हो," ती म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

त्या संध्याकाळी दिवसाच्या विटांची मोजणी झाल्यावर तिनं सगळ्यांना गोळा केलं. "मोजणी झाली की रोज प्रत्येक घरानं एक ओळ जास्तीची पाडायची," ती म्हणाली. "ती मालकाची नाही, आपली नाही. त्या पोरांच्या छपराची. वेगळी भट्टी लावू, विकू, नर्सबाईंना देऊ."

"आमची पोरं काय पोटभर जेवतात?" वाळूवाला म्हणाला. तो वाळू चाळायचा आणि त्याची जीभही तशीच खरखरीत होती.

"नसतील जेवत. पण मेली-जगली हे शिट्टी वाजवून तर बघावं लागत नाही ना?"

एकेक जण उठून गेला. कमरेत कळ येत असताना काकी एकटीच साचा घेऊन बसली. दिवस मावळत होता. गोळा आपटायचा, कापायचा, उलटायचा. अर्धी ओळ झाली तोवर बोटांना पकडच राहिली नाही. सासूबाई चाचपडत आल्या, शेजारी बसल्या आणि साच्याला वाळू लावून देऊ लागल्या. "मला दिसत नाही," त्या म्हणाल्या, "पण वाळू कुठं दिसावी लागते?"

दुसऱ्या संध्याकाळी वाळूवाल्याची बायको आली. काकीच्या ओळीशेजारी तिनं आपली ओळ सुरू केली. थोड्या वेळानं वाळूवाला तिच्यासाठी माती मळून घेऊन आला. "ती आली म्हणून आलो," त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आठवडा सरला तेव्हा ओढ्याकाठी ओळीमागून ओळी उभ्या राहिल्या होत्या. सगळ्यांच्या पाठी मोडल्या होत्या, आणि तरी कुणी कुणाला बोलवायला जात नव्हतं. पोरं तोवर एकेका झोपडीत वाटून निजत होती. सगळ्यांनीच अंग आखडून घेतलं, तर जागा निघाली.

मालकाला कळायचं ते कळलंच. तो तणतणत आला. "माती माझी, मैदान माझं, आणि ट्रॅक्टरही तुमच्या बापाचाच होता जणू!"

मिस्त्रीनं सवयीनं फडका डोक्यावरून काढला. मग बघता बघता पुन्हा बांधला. "माती परत घ्या, मालक," तो शांतपणे म्हणाला. "पाणी टाकलं की विरघळेल. पण मग पुढची भट्टी दुसऱ्या कुणाकडून लावून घ्या."

काकीनं हातातला साचा खाली ठेवला. हंगाम अर्धा राहिला होता. हाकललं तर जायचं कुठं? मालक दोन पावलं पुढं आला. त्यानं ओळींकडे पाहिलं, मजुरांकडे पाहिलं, आणि पट्ट्या बांधलेल्या पायांनी उकिडवी बसून साचे धुणाऱ्या शिट्टीकडे पाहिलं. "हीच का ती?" त्यानं विचारलं.

"हीच."

"माती दिली," तो म्हणाला. "पण जळण देणार नाही. माझा एक कोळसा हलता कामा नये."

जळणाशिवाय भट्टी म्हणजे विटांचा नुसता ढीग. पण नर्सबाई हसल्या. "पैसे मागितले की लोक खिसा दाबून धरतात. जळण मागून बघू. अडगळ कुणाच्या घरात नसते?" आणि त्या शिट्टीला कुणाच्यातरी हातगाडीवर बसवून गावभर फिरल्या.

बाजाराच्या दिवशी सकाळी काकी फाटकाशी उभी होती. कुणी येईल असं तिला मनातून वाटत नव्हतं. आधी आला लाकूड-कारखान्याचा भुशाचा ट्रक. चालक म्हणाला, "कुठं ओतू?" मग चहावाला फुटकी खोकी घेऊन आला. शाळेचे मास्तर मोडक्या बाकांचा गाडा ढकलत आले आणि मागून वर्गच्या वर्ग, प्रत्येकाच्या हातात बाकाचा एकेक पाय. न्हावी आला, लोहार आला. ज्यानं नर्सबाईंच्या तोंडावर दार लावलं होतं त्यानं तेच जुनं दार उपटून आणलं. "नवीन करायचंच होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. घरमालकानं कुजलेले वासे पाठवले. कुलूप मात्र अजून काढलं नव्हतं. गर्दी सरत आल्यावर एक म्हातारी एकटीच लाकडी खाट ओढत आली. खाट चांगली, धडधाकट होती.

"आजी, ही कशाला जाळता? ही तर वापरायची आहे," काकी म्हणाली.

"ज्याची होती तो परत यायचा नाही," म्हातारी म्हणाली. "तोही असाच गेला होता. कुठल्या गावात कुणी त्याला निजायला जागा दिली की नाही, मला माहीत नाही." आणि ती वळून चालू लागली.

काकीनं ती खाट जाळली नाही. बाजूला ठेवली. उरलेल्या ढिगाकडे ती बघत राहिली. ढीग तिच्या झोपडीहून उंच झाला होता. तिला हसू आलं. याच गावातून ती रोज मान खाली घालून जायची. ही माणसं याच गावात होती तर!

मिस्त्रीला मात्र घाम फुटला. "भुसा भडकन पेटणार, वासे कुजट, बाकांना रंग. जाळ एकसारखा लागायचाच नाही. निम्म्या विटा कच्च्या निघतील आणि निम्म्या जळून वितळतील." गावभराची लाज आता त्याच्या हातात होती. त्यानं एकेक लाकूड हातात घेऊन वजन करून रचलं. भट्टी पेटली तसा तो तिच्याभोवती फिरत राहिला, इथं लेप दे, तिथं भोक पाड, तळहात भिंतीला लावून ताप बघ. जेवण काकीनं उभ्या उभ्या भरवलं. वर कुणी चढू नये म्हणून शिडीच काढून ठेवली होती.

भट्टी निवली आणि उघडायचा दिवस आला तेव्हा कुणी न बोलावता अर्धं गाव जमलं. मिस्त्रीनं वरचा थर काढला. आतली पहिली वीट फडक्यात धरून उचलली. ती अजून ऊन होती. त्यानं दुसऱ्या विटेवर आपटली. टणकन आवाज आला, घंटेसारखा. खालची काढली. तीही वाजली. कोपऱ्यातली काढली, जिथं हमखास कच्ची निघते. लालभडक. त्यानं थर उपसत नेले आणि माणसं पुढं पुढं सरकत आली. शेवटी तो विटांवरच बसला.

"वीस वर्षं झाली," तो म्हणाला. "अशी भाजणी माझ्या हातून कधी झाली नाही. कशी झाली ते मला विचारू नका."

मालक गर्दीत सगळ्यांना सांगत होता, "माती आपली हो! आपलीच माती!" कुणी त्याला अडवलं नाही.

विटा हातोहात गेल्या. भाडं भागलं, कुलूप निघालं, अंथरुणं आली. जागरणाला पगारी बाई ठेवली. ते काम शिट्टीनं मागितलं होतं, पण नर्सबाईंनी साफ नाकारलं. "तू झोपायचं काम कर आणि शाळेत जा," त्या म्हणाल्या. सगळंच गोड झालं असं नाही. भट्टीवरच्या चौघांतला एक जण मधल्या धामधुमीत कुठल्याशा ट्रकमध्ये बसून गेला, त्याचा पत्ता लागला नाही. शिट्टी अजून रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रककडे वळून बघते. आणि एका भट्टीनं वर्ष कसंबसं निघतं, पुढं काय, हा घोर नर्सबाईंच्या कपाळावर होताच. तो त्या बोलून दाखवत नसत.

पावसाळा गेला, नवा हंगाम लागला. जुन्यांतली निम्मी कुटुंबं दुसरीकडे गेली होती, लांबून नवी आली होती. पहिल्याच संध्याकाळी मोजणी झाली. काकीची कंबर ठणकत होती. नव्या लोकांना ही गोष्ट सांगावी कशी, कुठल्या तोंडानं, याचा विचार करत ती हातपाय धुवायला ओढ्यावर गेली. परत आली तर मैदानात थपथप आवाज चालू होता.

वाळूवाला आणि त्याची बायको वाकले होते. त्यांच्या पलीकडे जुनी माणसं. आणि त्यांच्याही पलीकडे काल रात्री ट्रकमधून उतरलेली, अजून बोचकीही न सोडलेली माणसं. एक तरणी बाई पाठीला मूल बांधून साचा उलटा करत होती.

काकी तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. "बाई, तुमची मोजणी झाली ना? मग ही ओळ कशाची?"

तिनं मनगटानं कपाळ पुसलं. "ठाऊक नाही, काकी. सगळे पाडत होते. म्हटलं इथला रिवाज असेल."

काकीनं वर पाहिलं. मैदानभर पाठी वाकत होत्या, उठत होत्या, ओळी अंधुक उजेडात लांब लांब सरकत होत्या.

"हो," ती म्हणाली. "इथला रिवाजच आहे."

आणि ती आपला साचा आणायला गेली.